कॅमेऱ्यांच्या मालकांस अनावृत पत्र

कॅमेऱ्यांमागील परमआदरणीय साहेब यांसी,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

कोल्हापूरकरांची आपण वाहत असलेली काळजी पाहून ऊर भरून येतो. दसरा चौक असो, बिंदू चौक असो की रंकाळा, आपली नजर आमच्यावरून हटत नाही. आम्ही कुठं जातो याची एवढी चौकशी घरची माणसंही करत नाहीत. आभारी आहोत.

आमच्या गल्लीतल्या एका पोराची गाडी कॅमेऱ्याच्या खांबाखालून चोरीला गेली. फुटेज मागायला गेला, तर नेमका त्या दिवशी कॅमेरा बंद! हेल्मेट नव्हतं त्या दिवशी मात्र नंबरप्लेटसकट लख्ख फोटो आणि दंड थेट मोबाइलवर. एवढी तत्परता कुठं मिळते?

गैरसमज नको साहेब, कॅमेरे आम्हालाही हवे होते. 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी सागरमाळ परिसरात आमचे अण्णा, गोविंद पानसरे, आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी अण्णा गेले. त्यानंतर या शहरात कॅमेरा नको म्हणायला कुणाची जीभ रेटली असती?

पण त्याच अण्णांनी आणि एन. डी. पाटील सरांनी शहरातल्या टोलविरोधात हे शहर रस्त्यावर आणलं होतं. पेठापेठांतून माणसं उतरली, वर्षानुवर्षं लढली आणि डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्द झाला. मोर्चात कोण कुणाच्या शेजारून चाललं, हे खांबाखांबावरून टिपून ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. आता आपण ती केलीत. उद्या एखादी अंगणवाडी सेविका किंवा कंत्राटी कामगार आधी वर कॅमेऱ्याकडे बघेल, मगच घोषणा द्यायची की नाही ते ठरवेल. आम्हाला ही शिस्त लावल्याबद्दल आपले ऋण कसे फेडावे?

कायद्याचीही आपल्यावर केवढी माया! 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. 2023 मध्ये त्याच्या रक्षणाला कायदा आला आणि केंद्र सरकार अधिसूचित करील त्या सरकारी यंत्रणेला सूट देण्याची वाटही त्यातच ठेवली.

एका जागी मात्र आपले डोळे फार लवकर मिटतात. प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीतसुद्धा, आवाज टिपणारे कॅमेरे बसवा आणि चित्रण 18 महिने जपा, असं त्याच न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 ला बजावलं. सप्टेंबर 2025 मध्ये, ठाण्यांत चालू कॅमेरे नाहीत म्हणून, न्यायालयालाच स्वतःहून दखल घ्यावी लागली. शेजारच्या सांगलीत नोव्हेंबर 2017 मध्ये पोलिसांच्या ताब्यातला तरुण मेला, त्याचा मृतदेह आंबोलीत जाळल्याचं उघड झालं आणि पोलिसांनाच अटक झाली. रंकाळ्यावर कोण कुणासोबत बसलंय ते आपल्याला दिसतं. कोठडीतला माणूस का दिसू नये?

साहेब, आता आर्जवं पुरे. प्रत्येक खांबावर पाटी लावा: चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतं, कुणाला देतं आणि आम्ही ते कुणाकडं मागायचं. मोर्चाचं चित्रण गुन्हा घडला नसेल तर पुसा. आणि खांबावरच्या कॅमेऱ्याआधी कोठडीतला कॅमेरा दुरुस्त करा. उत्तर लेखी द्या, तारखेसह.

कळावे,
एक कोल्हापूरकर