आठाचा आकडा

शिकाऊ परवान्याची परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या देता येते. भाच्याने ती चहा पिता पिता दिली. उत्तरं शेजारच्या दादाने सांगितली. मोटार शिकायला निदान ड्रायव्हिंग स्कूल तरी असतं, दुचाकीचं विद्यापीठ म्हणजे मागची गल्ली. नियमाप्रमाणे ३० दिवस थांबून पठ्ठ्या पक्क्या परवान्यासाठी आरटीओत निघाला, अर्थात स्वतःच गाडी चालवत, मागे मी. लाल 'एल' गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून चिकटवून घेतला. हेल्मेट तिथल्याच एजंटाचं. सकाळपासून वीसेक डोक्यांवर फिरलेलं, आतून घामाने ओलं. पाय न टेकता आठ काढला, पास! ब्रेक दाबायची वेळच आली नाही.

परतताना सिग्नलला त्याने मान वळवून विचारलं, "मामा, पिवळा म्हणजे जोरात ना?"