देवाच्या मर्जीने आयुष्य कसे आखावे : इच्छुकांसाठी सूचना

ख्रिस्ती श्रद्धेनुसार आयुष्याचा आराखडा करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी एक पाय मोडून घ्यावा. अट जाचक वाटेल. पण या विषयातला जाणता उस्ताद संत इग्नेशियस लोयोला याची सुरुवात तिथूनच झाली. २० मे १५२१ रोजी पँप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा त्याच्या पायाला लागला. हाड वाकडे जुळले, म्हणून पुन्हा मोडून बसवले. तरी गुडघ्याखाली एक टोक वर आलेच. तंग बुटात ते वाईट दिसेल, म्हणून या बहाद्दराने ते करवतीने कापून घेतले. भूल देण्याची विद्या तेव्हा निघायची होती. ‘मी आज कुठे आहे?’ हा आराखड्यातला पहिला रकाना यावरून भरता येतो : वय तीसच्या आसपास, पेशा शिपाईगिरी, मुख्य चिंता पायाच्या घाटाची.

दुसरी पायरी वाचनाची. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागवल्या. घरात निघाली दोनच पुस्तके : एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रांचे. नाइलाजाने तीच वाचली. मग त्याच्या ध्यानात आले, की एका थोर घरच्या बाईची स्वप्ने रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडे पडते. अनवाणी जेरुसलेमला जाण्याचे मनोरथ मात्र संपल्यावरही गोडी ठेवून जातात. ज्यांच्या घरी कादंबऱ्यांचे कपाट भरलेले आहे, त्यांनी ते तूर्त शेजाऱ्यांकडे पाठवावे.

आता निर्णय. तो खेचरावर सोपवू नये. पाय बरा झाल्यावर, मोंसेरातच्या वाटेवर एका मुसलमान प्रवाशाशी इग्नेशियसचा येशूची आई मारिया हिच्या कौमार्यावरून वाद झाला. तो गृहस्थ पुढे निघून गेल्यावर याच्या मनाने घेतले, की मारियेचा अपमान झाला, त्याला गाठून खंजीर खुपसावा. खुपसावा की नाही, हे मात्र ठरेना. शेवटी फाटा आला तेव्हा त्याने लगाम सैल सोडला : खेचर गावाकडे वळले तर खून, नाहीतर माफी. गावाची वाट रुंद आणि चांगली होती, तरी खेचराने दुसरी धरली. इग्नेशियसने पुढे स्थापलेल्या येशूसंघाच्या इतिहासात या जनावराचा एखादा पुतळा असायला हरकत नव्हती.

पुढे माणूस शहाणा झाला आणि निर्णय घेण्याच्या रीती त्याने लिहून ठेवल्या. साधारण तीस दिवसांच्या या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात एखादी गोष्ट पत्करण्याचे फायदे-तोटे मांडायला सांगितले आहे. कधी न पाहिलेला माणूस सल्ला मागायला आला तर त्याला काय सांगाल, ते स्वतः करा, असेही आहे. हेही न जमल्यास आपण मरणशय्येवर आहोत अशी कल्पना करावी.

सर्वांत मजेदार भाग हिशेबाचा. आपली एकच खोड निवडायची. ती घडली की छातीला हात लावायचा. चारचौघांतही चालते, कारण कुणाच्या लक्षात येत नाही, असे पुस्तकच बजावते. दुपारी आणि रात्री झडती घ्यायची आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके कागदावरच्या रेघेवर मांडायचे. रोजच्या दोन रेघा, एक दुपारच्या झडतीची, एक रात्रीची; आज आणि काल, हा आठवडा आणि मागचा, ताडून पाहायचे. पुस्तकातल्या आकृतीत रेघा दिवसागणिक आखूड होत जातात. वाण्याच्या उधारीच्या वहीत ग्राहकाबद्दल इतका आशावाद आढळत नाही.

निश्चयांची यादी फार लांबवू नये. अमेरिकेतला जोनाथन एडवर्ड्स याने १७२२-२३ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, सत्तर निश्चय लिहिले आणि ते आठवड्यातून एकदा वाचायचे असे वर नोंदवले. १७५० मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या मंडळीने याच काटेकोर पाळकाला काढून टाकले. एकाहत्तरावा निश्चय मंडळीचा होता. आडगावी जाऊन त्याने जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याचा विषय माणसाची इच्छा खरोखर स्वतंत्र असते का, हा होता.

मुख्य ध्येय मात्र एकच आणि ठसठशीत असावे. इग्नेशियसचे होते जेरुसलेम : तिथे जायचे आणि तिथेच राहायचे. १५२३ मध्ये तो पोहोचलाही. तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी बहिष्काराचा धाक घालून त्याला परत पाठवले. तेव्हा वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तो बार्सिलोनात पोरांच्या पंगतीत लॅटिन शिकायला बसला. १५३४ मध्ये पॅरिसला सहा मित्रांसह पुन्हा तीच शपथ घेतली. या खेपेला एक पोटकलम जोडले : वर्षभरात जेरुसलेमला जाता आले नाही, तर पोप सांगेल ते काम. व्हेनिसला गलबताची वाट पाहिली. तुर्कांशी युद्ध पेटले, गलबत सुटेना. १५४० मध्ये स्थापन झालेला येशूसंघ या पोटकलमातून निघाला, आणि उघड्या रस्त्यावर भटकायचे ठरवलेला हा यात्रेकरू रोममधल्या एका खोलीत बसून जवळजवळ सात हजार पत्रे लिहून गेला. इच्छुकांनी ‘नाहीतर’चा रकाना ऐसपैस ठेवावा.

सहकाऱ्यांच्या तब्येतीवरही लक्ष असू द्यावे. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडे पाठवायला माणसे हवी होती. पॅरिसच्या सहा मित्रांपैकी निवडला गेला बोबाडिया. तो आजारी पडला. त्या सहांतलाच फ्रान्सिस झेवियर तेव्हा रोममध्ये चिटणिसाचे काम करत होता. त्याला बदली म्हणून सांगितले आणि तो लगोलग निघाला. ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेल्या या बदली कामगाराला तिथले लोक आजही ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि दर दहा वर्षांनी त्याच्या पार्थिवाच्या दर्शनाला जुन्या गोव्यात रांगा लागतात.

मराठी नमुना हवा असेल तर पंडिता रमाबाईंचा घ्यावा. १८८३ मध्ये त्या विलायतेला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कानांनी दगा दिला आणि वैद्यकीचा बेत बारगळला. ख्रिस्ती दीक्षा मात्र त्याच वर्षी झाली. पुढे विधवांसाठी काढलेल्या आपल्या शारदा सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून त्यांनी केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. आराखडा चोख होता. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला, रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या, आणि पुण्यात प्लेगचे नियम इतक्या जणींना राहू देईनात. संत्र्यांच्या हिशेबात शेकडो मुली कुठे बसवायच्या, याचा रकाना कोणत्याच नमुन्यात नव्हता. रमाबाईंनी मुलींना केडगावला नेले, तिथे मुक्ती मिशन उभे राहिले, छापखाना आला. मग पन्नाशीकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीकचे व्याकरण घेऊन बसल्या, कारण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत हवे होते, आणि खिळे जुळवायला मुली शिकलेल्या होत्याच.