शरदात घर उबदार कसे करावे (पंखा पाचवर ठेवून)

शरद ऋतू लागला की घर उबदार करायचं असतं, हे आम्हाला नरपडला तसं उशिराच कळलं. परदेशी घरसजावटीचे व्हिडिओ बघावेत तर ऑक्टोबरात जो तो लोकरीत गुंडाळलेला. सोफ्यावर जाड पांघरूण, दारात भोपळे, टेबलावर मेणबत्त्या, हातात वाफाळता मग. डेन्मार्कच्या लोकांनी तर या सुखाला ‘ह्युगे’ असं नावच देऊन ठेवलंय. आपलाही आश्विन-कार्तिक म्हणजे शरदच ना? मग आपण मागे का राहायचं? डहाणूच्या किनाऱ्यावरच्या होतकरू गृहस्थांसाठी पुढील सूचना स्वानुभवावरून देत आहे.

आधी ऊब. तिकडे त्यासाठी हीटर लागतो. आपला तेवढा खर्च वाचला. पाऊस मुंबईतून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. आमच्याकडचा त्याच सुमारास जातो. आभाळ मोकळं होतं, जमीन अजून ओली असते आणि सकाळचे पूर्वेकडचे वारे समुद्रावरच्या वाऱ्याला दुपारपर्यंत आत येऊ देत नाहीत. तेवढ्यात घराचं काम होऊन जातं. दुपारी दोनला फरशीवर उघड्या अंगानं पडून पाहावं. उठताना फरशीवर आपला नकाशा उमटलेला असला, की घर पुरेसं उबदार झालं असं समजावं.

पानगळीच्या रंगांचं जरा अवघड आहे. आपल्याकडे पानं गळतात शिशिरात. ऑक्टोबरात चिकूची वाडी ढिम्म हिरवी असते. मात्र किनाऱ्यावरच्या सुरूच्या काड्या चपलांबरोबर घरभर येतात. त्या झाडू नयेत, सजावट म्हणून राहू द्याव्यात. तपकिरी छटेसाठी ताटात चिकू मांडावेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा ही सजावट सरकारमान्य आहे. पहिल्या दिवशी ताट सुरेख दिसतं, दुसऱ्या दिवशी चिकू मऊ पडतात, तिसऱ्या दिवशी चिलटं येतात. घरात चैतन्य हवंच असतं.

सुगंधी मेणबत्तीही मी मागवली होती. दालचिनी आणि भोपळ्याच्या वासाची. खिडकीत ठेवली, तर न पेटवताच दुपारपर्यंत कमरेत वाकली आणि संध्याकाळी खिडकीला साष्टांग नमस्कार घातला. रात्री तशीच लावली. शेजारच्या काकी दारातून डोकावून म्हणाल्या, “बाळा, गॅसवर काही करपतंय का रे?” तेव्हापासून सुगंधाचा प्रश्न मी गावावर सोपवलाय. डहाणूपासून वसईपर्यंत पाऊस उघडला की मासे सुकवायच्या वलांड्यांवर बोंबील चढू लागतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची. एक अलीकडे, एक पलीकडे. वारा तिकडून आला की दालचिनीची आठवणही राहत नाही. शेकोटी हवी असेल तर तिन्हीसांजेला घमेल्यात गोवरी पेटवून वर कडुनिंबाचा पाला टाकावा. डास पळतात. माणसंही उठतात, पण माणसं परत येतात.

आता पांघरूण. इथे घाई करू नये. गोधड्यांची पेटी उघडली की सबंध पावसाळा नाकात शिरतो. सकाळी दहानंतर, कठड्यावरचं दव सुकलं की त्या गच्चीत पसराव्यात. काठीनं झोडपताना वाऱ्याच्या दिशेला तोंड करू नये. हे मी शिकलोय. बारा वाजता भाकरीसारख्या उलटाव्यात. आमची एक गोधडी आजीच्या लुगड्यांची आहे. वरचं कापड दोनदा बदललं. आतली हिरवी नऊवारी मात्र तीच, काठाशी टाका उसवलाय तिथून दिसते. ओल सगळ्यात उशिरा तिथेच सुकते. उसवल्या जागेतून दोन बोटं आत घालावीत. गार लागली तर अजून तासभर. मात्र चारच्या आत गोधड्या उचलायच्याच. नंतर खारं वारं ओल घेऊन येतं आणि दिवसभराची मेहनत फुकट जाते. मग घामानं निथळणारा माणूस गरम गोधड्यांचा ढीग छातीशी धरून जिना उतरतो. त्या क्षणी त्याचा चेहरा जसा असतो, तसा कुठल्या व्हिडिओत मी अजून पाहिलेला नाही. गोधड्या वापरायच्या कधी? डिसेंबरअखेरीस, पहाटे चार ते सहा. तोवर पुन्हा पेटीत.

वाफाळता मग कोजागरीला मिळतो, मसाला दुधाचा. दूध किनाऱ्यावर आटवावं, पण मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. ते समुद्राकडे कॅमेरे रोखून चंद्राची वाट बघत बसतात. आमचा समुद्र पश्चिमेला आहे. चंद्र त्यांच्या पाठीमागून, सुरूच्या आडून वर येतो.

रात्री ऊब फारच झाली तर खाट अंगणात काढावी. हे लिहिताना मात्र हात थांबतो. आमच्याच तालुक्यात धुंदलवाडीकडे आणि पलीकडे तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले, आणि कित्येक घरांनी ती थंडी बाहेर, तंबूत काढली. घर उभं होतं, पण आत पाठ टेकायची भीती. त्यांच्यापुढे घर उबदार करण्याचं मार्गदर्शन करायला मी जाणार नाही. ज्यांना खाट आपल्या मर्जीनं बाहेर काढता येते आणि कंटाळा आला की आत नेता येते, त्यांच्यासाठीच हे लिहिलंय.

आणखीही सूचना होत्या, दारातल्या भोपळ्याबद्दल वगैरे. भोपळ्याचे आमच्याकडे घारगे झाले. शिवाय आता चारला पाच कमी आहेत. तुमच्याही गोधड्या गच्चीत असतील तर आधी त्या उचला.