म्हशीला चालतं, मशीनला चालत नाही

भातसानगरला घर आहे म्हटलं की मुंबईचे पाहुणे हेव्याने बघतात. त्यांना वाटतं, आम्ही दिवसभर धरणात पाय सोडून बसलेले असतो. मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मं आमच्या भातसाचं. ते नदीने पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईच्या नळाला येतं. तानसा तलावही आमच्याच शहापूर तालुक्यात. आणि वैशाखात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरमागे हंडे पळतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही इतरांसाठी म्हण असेल, आमचा तो पोस्टाचा पत्ता आहे.

म्हणून तात्यांनी गोठ्यामागे बोअर मारायचं ठरवलं. आधी पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो परसात फिरला. नारळ उभा राहिला तो नेमका उकिरड्यावर. तात्यांनी नुसता घसा खाकरला. दुसऱ्या फेरीत नारळाने सोयीची जागा निवडली. मग रिग आली, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. देशभर फिरणाऱ्या बोअरच्या गाड्यांचं ते माहेरघरच. त्यांना मराठी येत नव्हतं, तात्यांना तमिळ. त्यामुळे कामात वाद असा झालाच नाही. रात्रभर काळ्या कातळाचं पीठ उडालं आणि पहाटे नितळ, गार पाणी लागलं. तात्यांनी पेढे वाटले.

दुपारी बादलीतलं पाणी तांबूस दिसायला लागलं. जमिनीखाली हवा नसते तोवर लोह पाण्यात विरघळून मुकाट असतं. हवा लागली की गंजाचा रंग दाखवतं. काकूंचा चहा शाईसारखा झाला. तूरडाळ कुकरच्या शिट्ट्या नुसत्या ऐकत राहिली, शिजली नाही. साबणाला फेस येईना, अंगावर साका मात्र बसायला लागला. कारण आमचा कातळ बेसॉल्टचा. त्यातून झिरपताना पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गोळा करत येतं.

म्हशींची मात्र काही तक्रार नव्हती. म्हशाच्या जत्रेतून आणलेली चंद्री तर ते पाणी डोळे मिटून ओढायची. खरी तक्रार दूध काढायच्या मशीनची. धुवायच्या पाण्यातला चुना आणि दुधातली प्रथिनं, फॉस्फेट एकत्र आले की नळ्यांत आणि कॅनमध्ये एक पिवळट, खरखरीत थर धरतो. बोटाने खरवडला तरी जात नाही. त्याच्या आडोशाला जंतू मजेत राहतात आणि सकाळचं दूध दुपारी नासतं. पाणी तापवायच्या हीटरच्या कॉइलवर तर पांढरा थर असा चढला की कॉइल आधी थर तापवायची, मग वेळ उरला तर पाणी.

मग सल्लागार आले. एकाने तुरटी सांगितली, एकाने शेवग्याचं बी. दोन्हींनी गढूळपणा तळाला बसतो, विरघळलेले क्षार जागचे हलत नाहीत. एकाने पाइपला चुंबक बांधायला दिलं. चुंबक आमच्या पाइपवर अजून आहे, त्याला लोखंडी चमचे चिकटतात. शहरातल्या भाच्याने आरओ सुचवला. दुभत्या जनावराला दिवसाला ६० ते १०० लिटर पाणी लागतं, आणि घरगुती आरओ भरतो त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. हिशेब ऐकून तात्या म्हणाले, “म्हशींपेक्षा मोरीच जास्त पिईल रे!”

मी त्यांना टॉमस क्लार्कची गोष्ट सांगितली. १८४१ साली या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने जड पाणी मऊ करायची युक्ती काढली: पाण्यात मोजून चुना घालायचा, म्हणजे आधीचा चुना साक्यासकट तळाला बसतो. तात्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. “चुना लावणारे आजवर पुष्कळ भेटले,” ते म्हणाले, “पण काढण्यासाठी लावणारा हा पहिलाच.” रोज मोजून चुना घालायचा आणि गाळ उपसत बसायचं, हे गोठ्याला झेपणारं नव्हतं.

शेवटी पाणी प्रयोगशाळेत दिलं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. आमचं पाणी या दुसऱ्या वर्गात जेमतेम पास झालं. गुरांच्या डॉक्टरांनी अहवाल वाचून सांगितलं, “जड पाण्याने म्हशीचं काही बिघडत नाही. जास्त लोहाने चव बिघडते, तेवढं काढा. मऊ पाणी द्या ते मशीनला.”

लोह काढणं स्वस्तात झालं. पाणी भोकं पाडलेल्या ट्रेवरून धारांनी खाली सोडायचं, हवा लागू द्यायची, गंज धरला की वाळूतून गाळायचं. मशीनपुरतं पाणी पुढे सॉफ्टनरमध्ये जातं. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. दमले की मिठाच्या पाण्याने ताजेतवाने होतात. वाण्याने मिठाचं पोतं बघून विचारलं, “लग्नाचं लोणचं का?” ते धुतलेलं खारं पाणी मात्र हत्तीगवताला घालायचं नाही. नळ्यांतला जुना थर लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्याने विरघळला.

सॉफ्टनरच्या या विद्येचं मूळही आमच्या कातळाला परकं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी या मण्यांसारखीच अदलाबदल करणारं कृत्रिम झिओलाइट वापरून पाणी मऊ केलं. नैसर्गिक झिओलाइटचे सुंदर स्फटिक दख्खनच्या याच बेसॉल्टमध्ये मिळतात आणि जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे बसतात. म्हणजे दुखणंही कातळाचं, औषधही कातळाचं. दुखणं आमच्या बोअरला आलं आणि औषध परदेशी गेलं.

आता पावसाळ्यात सॉफ्टनरला सुट्टी असते. १०० चौरस मीटर पत्र्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी, आणि आमच्याकडचा पाऊस एक-एक मिलिमीटर पडायच्या स्वभावाचा नाही. पहिल्या सरी पत्रा धुवायला सोडून द्यायच्या, नंतरचं पाणी टाकीत. मीठ नको, मणी नकोत. मशीन लख्ख, डाळ मऊ, चहा चहासारखा.

तात्यांना वाटलं, एवढं गोडं पाणी आहे तर चंद्रीलाही द्यावं. घमेलं भरून पुढे ठेवलं. चंद्रीने हुंगलं, तात्यांकडे बघितलं आणि सावकाश जाऊन गोठ्यामागच्या डबक्यात बसली. त्या पाण्याचा अहवाल तिने कधी मागितलेला नाही.