सौदा गुडघ्याशी

सरोजिनी नगरच्या बाजारात एक्स्पोर्टच्या मालाच्या ढिगाशी उकिडवं बसून आपल्या मापाचा टॉप उकरणाऱ्या मंडळींकडे पाहिलं, तर गुडघेदुखी नावाचा आजार दिल्लीत नसावा असंच वाटेल. पाचशेला दीडशे म्हणायचं, रागावून चार दुकानं पुढे जायचं, दुकानदाराने हाक मारली की तरातरा मागे यायचं. तेच गुडघे घरी पोचले की जिन्यापाशी संप पुकारतात. यावर घरचे ‘ढोंग’ असा निकाल देतात. तो चुकीचा आहे. झिजलेला सांधा बसून राहिलं की आखडतो आणि हलवत राहिलं की काही काळ सैलावतो, हे त्या दुखण्याचं लक्षणच आहे. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला-सुटला की आतल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. म्हणजे ‘आराम करा’ हा प्रेमळ सल्ला कूर्चेच्या दृष्टीने उपासमार आहे.

‘मग बाजारात फिरणं हाच व्यायाम झाला की!’ नाही झाला. गुडघा सांभाळतात ते मांडीचे स्नायू, आणि त्यांना ताकद येते ती भार बेताबेताने वाढवल्यावर. बाजारातही भार वाढतोच, पण पिशवीगणिक आणि एकाच खांद्यावर. चालण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना उगीच सांगत नाही. ‘बरं, समोरच्या काकूंना दिलेला व्यायामाचा कागद आणते.’ इथे खरी गफलत आहे. सरकारने सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत टाइप टू, टाइप थ्री असे क्वार्टर पगाराची श्रेणी पाहून वाटले. गुडघे तसे वाटलेले नाहीत. एकीची मांडी अशक्त, दुसरीचं खुब्याचं बळ गेलेलं, तिसरीचं दुखणं मुळात कमरेतून उतरलेलं. एकच कागद तिघींना चालत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टने आधी चालवून, वाकवून, उठबस करायला लावून पाहायचं आणि मग व्यायाम ठरवायचा. कागदाची झेरॉक्स निघते, तपासणीची निघत नाही.

‘त्यापेक्षा दुर्बिणीतून गुडघा साफ करून टाकू’ म्हणणाऱ्यांसाठी ह्यूस्टनचा 2002 सालचा प्रयोग आहे. 180 रुग्णांपैकी काहींवर ही शस्त्रक्रिया खरोखर केली, काहींना नुसत्या चिरा देऊन टाके घातले. पुढची दोन वर्षं दोघांच्या दुखण्यात फरक दिसला नाही. सांधा पारच गेला असेल तर तो बदलणं ही वेगळी गोष्ट, पण त्यानंतर व्यायाम सुटत नाही, उलट मानगुटीवर बसतो. राहता राहिला शेवटचा आक्षेप: ‘रोज दहा-दहा वेळा कोण करणार?’ हा मात्र मला पूर्ण मान्य आहे. व्यायामाचा गुण तो करत राहाल तोवरच टिकतो. त्यामुळे कागदावरच्या दहापेक्षा अंगावरचे चार मोलाचे. तेव्हा दहाला होकार देऊन घरी शून्यावर येण्यापेक्षा तिथेच, फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर, तोंड उघडा आणि चारवर सौदा पटवा. पुढच्या खेपेला भाव वाढेल, तो वाढू द्या. सफदरजंग रुग्णालय बाजारापासून जवळच आहे आणि तिथे पुनर्वसनाचा विभागही आहे. सोमवारी सरोजिनीचा बाजार बंद असतो, तेव्हा वेळ नाही ही सबबही सांगू नका.