मुसळीचा जोम

यवतमाळच्या रस्त्याला लागा, भिंती बोलू लागतात: जोम, ताकद, खात्रीशीर इलाज. अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने मनाई आहे. पण कायदा कागदावर, जाहिरात भिंतीवर, भांडण नाही.

जोमाच्या या औषधांच्या डबीत सफेद मुसळी ठरलेली. दोन हजार सालानंतर हीच मुसळी विदर्भातल्या कास्तकाराला लखपती करणार होती. बेणं सोन्याच्या भावात गळ्यात मारलं. खरेदीची हमी देणारे माल निघाल्यावर गायब. बायांनी मुळ्या सोलून वाळवल्या, त्या पडून राहिल्या. आता तिचीच भुकटी ग्रॅमच्या भावाने गावात परत येते.

"हार्मोन कमी झालेत भाऊ," दुकानदार कास्तकारापुढे डबी ठेवत म्हणतो.

"कापसाच्या भावालेबी चालते का जी हे?"