डागी माल आधी

नोव्हेंबर उजाडला की कॅनडात दाराबाहेर फुकटचा फ्रीज सुरू होतो, आणि तरीही परसातली गाजरं ठेवायला जागा मिळत नाही. गाजराला शून्याच्या जरासं वर, एखाद-दोन अंश तापमान लागतं. ऑन्टारिओचा जानेवारी मनात आलं तर उणे वीस देतो. घरात हीटिंग चालू, म्हणजे वीस-एकवीस. बाहेर ठेवलं तर गोठून फुटणार, आत ठेवलं तर सुरकुतणार. एवढे नखरे आमच्या घरात आजवर एकाही जावयाने केलेले नाहीत.

तडजोडीची जागा निघाली पुढच्या ओट्याखाली. टोरांटोच्या आसपासच्या बऱ्याच घरांत ओट्याच्या काँक्रीटखाली एक अंधारी, गारढोण खोली असते, दार तळघरातून. बिल्डर तिला कोल्ड रूम म्हणतात, आमचे इटालियन शेजारी कँटिना. त्यांच्या कँटिनात वाइनचे बुधले, टोमॅटो सॉसच्या बरण्या आणि छताला टांगलेली सॉसेजेस. मराठी माणसाच्या कोल्ड रूममध्ये रिकाम्या बॅगा. पुढच्या भारतवारीसाठी.

बॅगा हलल्या आणि शेजारच्या आजोबांकडून नियमावली आली. गाजराचा पाला काढायचा, पण ते धुवायचं नाही. ओलसर वाळूत थरावर थर रचायचे, एकाचा दुसऱ्याला स्पर्श होता कामा नये. थोडक्यात, गाजर सोवळ्यात. बिटाचं देठ इंचभर राखायचं, नाहीतर उकडताना सगळा रंग पाण्यात जातो. बटाट्याला उजेड दिसला की तो हिरवा पडतो आणि विषारी होतो. चार अंशांखाली थंडी लागली तर त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि तळताना काचऱ्या काळ्या पडतात. सफरचंद या खोलीत आणायचंच नाही. त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारचं गाजर कडू होतं. रताळ्याला तर थंडीच सोसत नाही, तेरा-चौदा अंश हवेत. म्हणून ते आमच्या बेडरूमच्या कपाटात, स्वेटरांच्या खालच्या खणात राहतं.

हिवाळ्यात सांगलीहून आई आली. तिला कौतुकाने खोली दाखवली. तिने वाळूत हात घातला, एक गाजर बाहेर काढलं आणि विचारलं, "अरे, पुन्हा पुरायचीच होती तर उपटलीस कशाला?"

मी तिला एलिस्टनचं सांगितलं. न्यूफाउंडलंडमधलं हे समुद्राकाठचं गाव. तिथे टेकडीच्या उतारात खोदलेली कंदमुळांची शंभराहून अधिक कोठारं आहेत आणि गाव स्वतःला या कोठारांची जागतिक राजधानी म्हणवतं. आई म्हणाली, "आमच्या हरिपूरला पेवं होती. हळदीची. माणसं आत उतरायची." यावर एलिस्टनला उत्तर नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या या जमिनीखालच्या पेवाचं तोंड उघडलं तरी आत लगेच उतरता येत नसे. कोंडलेली हवा जीव घेई, म्हणून काही तास वाट बघायची. 2005च्या महापुराचं पाणी त्या पेवांत शिरलं आणि हळद गेली, हे सांगताना मात्र तिचा आवाज खाली आला. मग तिने माझ्या खोलीकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे पूर येतो का रे?"

त्या दिवसापासून खोलीचा ताबा तिच्याकडे गेला. रोज सकाळी चहाआधी शाल गुंडाळून पाहणी. आजोबांची सगळी नियमावली तिने एका कलमात बसवली: डागी माल आधी. काळा ठिपका पडलेलं गाजर आज, मऊ पडलेलं बीट उद्या. ऐकायला शहाणपणाचं आहे आणि शास्त्रालाही धरून आहे. एक कुजलं की कूज शेजारच्यांत पसरते. पण परिणाम बघा. आज डागी संपवेपर्यंत उद्याचं डागी तयार. ठणठणीत गाजराला हात लावायचा नाही, कारण ते टिकणार आहे. टिकता टिकता त्यालाही ठिपका पडतो, आणि मग त्याचा नंबर लागतो. जोमाने वाढलेली गाजरं आम्ही अख्खा हिवाळा कोपरे कापून खाल्ली. बायको एकदा म्हणाली, "आई, आज एक चांगलं काढू या का?" आईने तिच्याकडे असं पाहिलं की तिने मुकाट्याने सुरी उचलली.

हिशेबाचं विचारू नका. दुकानात गाजर बारा महिने मिळतं, स्वस्त मिळतं, धुतलेलं मिळतं. वाळूच्या पोत्यांचे पैसेसुद्धा आमच्या गाजरांनी फेडलेले नाहीत. चव मात्र आपल्या गाजराची सरस. निदान डाग काढून उरतं तेवढ्याची.

तरीही कुणाला चाखायची असतील तर मार्चच्या आत यावं. पुढे त्यांना कोंब फुटतात आणि ती लाकडासारखी होतात. येताना डबा आणावा, वाळू आपली आपण धुवावी, आणि वरच्या थरातलं चांगलं गाजर मागू नये. ते आईचं आहे.